टांकसाळीचें दार आणि घरांतील पेटी

नाणें चोख असावें ही अपेक्षा आपल्याकडे सराफाच्या कट्ट्यापुरतीच उरली आहे. हातीं आलेला रुपया खोटा निघाला तर आपण चवताळतों. परंतु खरा रुपयाच वर्षानुवर्षें झिजत गेला, तर त्यास महागाई असें नांव देऊन वाण्यावर, दलालावर आणि क्वचित् पावसावर खापर फोडतों. चलनाचा प्रश्न पंडितांचा, घरसंसाराशीं त्याचा संबंध काय, असें म्हणणाऱ्या सुशिक्षित मंडळींनीं १८९३ सालची एक हकीकत ध्यानांत घेण्याजोगी आहे.

१८३५ च्या कायद्यानें ठरलेला रुपया एक तोळा वजनाचा असून त्यांत बारा भागांपैकीं अकरा भाग शुद्ध चांदी असे. कोणीहि चांदी घेऊन टांकसाळींत जावें, अल्पशी घडणावळ द्यावी आणि तिचे रुपये पाडून आणावे, अशी मुभा होती. नाण्यावर छाप सरकारचा. परंतु नाणीं किती पडावीं हें ठरविणारे लोक. १८७६-७८ च्या भीषण दुष्काळांत दख्खनमधील शेतकऱ्यांच्या घरचीं कडीं, तोडे आणि वाळे व्यापाऱ्यांच्या हातून मुंबईच्या टांकसाळींत येऊन पडले व त्यांचे रुपये झाले. गरिबाचा दागिना म्हणजे त्याची पेढीच होती, आणि ती पेढी कोणाच्या मर्जीवर चालत नव्हती.

पुढें युरोपांतील राष्ट्रांनीं चांदीचें चलन सोडल्यामुळें चांदी उतरत गेली. दोन शिलिंगांच्या सुमाराचा रुपया सव्वा शिलिंगाच्या आसपास आला. विलायतेस पौंडांत पाठवावयाच्या रकमांचा बोजा हिंदुस्थान सरकारला सोसवेना. तेव्हां हर्शेल कमिटीच्या शिफारशीवरून जून १८९३ मध्यें सिमल्यास एका दिवसांत कायदा संमत झाला आणि टांकसाळीचें दार लोकांना बंद झालें. सरकारची अडचण खोटी होती असें मी म्हणत नाहीं. परंतु तिचें निवारण कोणाच्या अंगावर पडलें? १८९६-९७ चा दुष्काळ आला तेव्हां रुपया कृत्रिम टंचाईनें वर धरलेला आणि चांदी मात्र खालीं गेलेली होती. रुपयाभार चांदीची किंमत आतां दहा-अकरा आण्यांच्या घरांत आली होती. दागिना मोडणाऱ्या कुणबिणीनें कोणाचें कांहीं बुडविलें नव्हतें, तिच्या दारीं जप्तीहि आली नव्हती. तरी तिच्या पेटींतील तिसरा हिस्सा नाहींसा झाला, आणि तो कोणी नेला हें तिला सांगावयासहि कोणी आलें नाहीं.

येथें जुन्या काळाचे भक्त म्हणतील कीं, पेशवाईंतल्याप्रमाणें टांकसाळी ठिकठिकाणीं असत्या तर असें घडतेंना. हें मात्र मला पटत नाहीं. पुण्याकडची अंकुशी, चांदवडची चांदवडी असे नाना तऱ्हेचे रुपये त्या काळीं चालत. प्रत्येकाचा कस निराळा, बट्टा निराळा. सराफ तराजू घेऊन बसे आणि ज्याला पारख नाहीं त्याचा खिसा हलका होई. अनेक टांकसाळी असणें वेगळें आणि टांकसाळीवर बंधन असणें वेगळें. आपणांस हवें आहे तें दुसरें.

हा भेद डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीं जितक्या स्वच्छपणें ओळखला तितका त्या काळांतील फारच थोड्यांनीं ओळखला असेल. १९२३ सालीं लंडन येथें प्रसिद्ध झालेल्या 'दि प्रॉब्लेम ऑफ दि रुपी' या ग्रंथांत त्यांनीं सुवर्णविनिमय पद्धतीवर केलेल्या टीकेचा गाभा असा, कीं ती चलन काढणाऱ्याचे हात बांधीत नाहीं. हिल्टन यंग कमिशनपुढें त्यांनीं सुचविलें तें हेंच: रुपये पाडणें लोकांना बंद आहे तसें सरकारलाहि पूर्ण बंद करावें, आणि सोन्याच्या नाण्यासाठीं टांकसाळ उघडावी. अधिकारी शहाणा असो वा नसो, त्याच्या शहाणपणावर मजुराची मजुरी अवलंबून ठेवूं नये, असा त्याचा अर्थ मी घेतों. कमिशननें तो मार्ग धरला नाहीं. १९४० मध्यें रुपयांतील चांदी निम्म्यावर आली, १९४७ मध्यें निकेलचा रुपया निघाला, आणि दुसऱ्या महायुद्धाच्या काळांत नोटांचें चलन तर पांच-सहा पटींनीं फुगलें.

मग लोकांनीं काय केलें? त्यांनीं सोनें धरून ठेवलें. अर्थशास्त्रज्ञ त्यास अडाणीपणा म्हणत. मला तर तो घराघरांत वाटलेला राखीव निधि वाटतो. त्यावरहि १९६३ सालीं सुवर्णनियंत्रण आलें. चौदा कॅरटांहून चोख नवा दागिना घडविण्यास बंदी झाली आणि हजारों सोनारांची भट्टी विझली. १९६८ चा कायदा अखेर १९९० मध्यें रद्द झाला, तोंवर चोरट्या आयातीचीच चंगळ झाली होती.

आपल्या एकत्र कुटुंबांत या गोष्टीला आणखी एक पदर आहे, आणि तो पुरुषमंडळींच्या लेखांत सहसा येत नाहीं. जमीन, पेढी, बँकेंतील खातें हीं कर्त्याच्या हातीं; परंतु पुतळ्यांची माळ आणि पाटल्या हें स्त्रीधन. तिला कोणाची सही लागत नसे. २०१६ च्या नोव्हेंबरांत पांचशेंच्या व हजाराच्या नोटा एका रात्रींत बाद झाल्या, तेव्हां डाळीच्या डब्यांतून आणि देवघराच्या फडताळांतून कितीएक गृहिणींची गुप्त शिल्लक बाहेर निघून मुलांच्या नाहीं तर यजमानांच्या खात्यांत जमा झाली. बाद नोटांपैकीं नव्याण्णव टक्क्यांहून अधिक रक्कम बँकांत परत आली, असें रिझर्व्ह बँकेनेंच पुढें सांगितलें. काळा पैसा किती सांपडला याची चर्चा पुष्कळ झाली. त्या गृहिणींची स्वतंत्र चार पैशांची सत्ता गेली, तिची नोंद कोठें नाहीं.

२०१६ सालींच महागाईचें उद्दिष्ट कायद्यानें चार टक्के ठरलें, व दोन टक्के खालींवर चालतील असें मानलें गेलें. बंधन म्हणून हें कांहींच नसण्यापेक्षां बरें. तथापि चार टक्क्यांनीं सुमारें अठरा वर्षांत भाव दुप्पट होतात. म्हणजे मुलीच्या बारशाला बाजूस ठेवलेली नोट ती सज्ञान होते तेव्हां निम्मी झालेली असते, आणि हें उद्दिष्ट साधलें तर! कोणी बिटकॉइनकडे बोट दाखवितात. त्याची संख्या दोन कोटी दहा लाखांवर जाऊं नये असा नियमच त्यांत गोंवलेला आहे, ही कल्पना आंबेडकरांच्या मर्यादेची आठवण देते खरी. परंतु ज्याचा भाव वर्षांत निम्मा होऊं शकतो त्यावर मुलीचें शिक्षण सोंपवा, असें मी कोणत्याहि आईला सांगणार नाहीं. मला अधिक काळजी डिजिटल रुपयाची वाटते. डिसेंबर २०२२ पासून सामान्य लोकांत त्याचे प्रयोग सुरू झाले, आणि तो कोणत्या कामासाठीं खर्चावा हें आंतच लिहून ठेवण्याची सोय त्यांत असावी, असा विचार पुढें आला आहे. सरकारी अनुदानापुरती ती सोय समजूं शकते. पण मिळवत्या माणसाच्या पगारावर आणि त्याच्या घरच्या बाईच्या शिलकेवर असें कांहीं लिहितां येणार नाहीं, एवढें वाक्य कायद्यांत स्पष्ट शब्दांत हवें. आणि तें प्रयोग चालू असतांनाच मागितलें पाहिजे.