रोटी घाट ते घोडनदी : द्राक्षमळ्यांची आणि जुन्या गावांची सायकलवाट

पाटस सोडून बारामतीच्या रस्त्याला लागले की थोड्याच अंतरावर सपाटी संपते आणि रोटी घाट सुरू होतो. आषाढी वारीत संत तुकाराम महाराजांची पालखी याच घाटाने वर जाते. चढ जड म्हणून त्या दिवशी रथाला जादा बैलजोड्या जुंपतात. याच रोटी गावच्या शिवारात, टेकाडावर, ‘फोर सीझन्स’ ही वायनरी आहे. युनायटेड स्पिरिट्स या कंपनीने ती उभारली, तीही फ्रान्समधल्या मळेवाल्यांच्या गढीवजा वाड्यांच्या धाटणीवर. दौंड तालुक्यातल्या या एकाच घाटात पालखीचा मार्ग आणि वाइनची द्राक्षे अशी शेजारी नांदतात, आणि ती जोडी नीट पाहायची तर सायकलसारखे वाहन नाही.

फ्रान्समध्ये अशा मुलखातून सायकलने हिंडणे ही सुट्टी घालवण्याची रुळलेली रीत आहे. आल्सास प्रांतातला वाइनमार्ग १९५३ मध्ये सुरू झाला. मार्लेनहाइम ते थान असा सुमारे १७० किलोमीटरचा हा रस्ता वोज डोंगरांच्या पायथ्याने, एगिसहाइम आणि रिकविर यांसारख्या तटबंदीच्या जुन्या गावांतून जातो, आणि याच पट्ट्यातून सायकलींसाठी वेगळी वाटही आखलेली आहे. बर्गंडीत बोन ते सांतने अशी साधारण २२ किलोमीटरची सायकलवाट थेट मळ्यांमधून जाते. सेंत-एमिलियोंचा द्राक्षमुलूख १९९९ मध्ये आणि बर्गंडीचे मळे २०१५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आले.

या सगळ्यात गावांनी स्वतः घेतलेला पुढाकार मोलाचा आहे. १९८२ मध्ये तिथल्या गावांनी ‘फ्रान्सची सर्वांत सुंदर गावे’ नावाची संघटना काढली. लोकसंख्या दोन हजारांच्या आत आणि गावात जपलेला वारसा, या तिच्या मुख्य अटी. शहराकडे ओघ लागलेल्या काळात छोट्या गावांनी आपल्या जुन्या दगडांना किंमत मिळवून दिली. सायकलवाला तिथे येतो, थांबतो, जेवतो, मुक्काम करतो. मोटारीने येणारा फोटो काढून पुढे जातो.

पुणे जिल्ह्याचे वाइनशी नाते रोटीच्याही आधीचे आहे. नारायणगावला शामराव चौगुले यांच्या इंडेज कंपनीने १९८०च्या दशकात फ्रेंच तंत्रज्ञांच्या मदतीने फेसाळती वाइन तयार केली. पुढे २००१ मध्ये राज्य सरकारने द्राक्ष प्रक्रिया धोरण आणले आणि नाशिकबरोबर इतर जिल्ह्यांतही वायनऱ्या निघाल्या.

मळा मात्र फ्रान्सचा आणि आपला वेगळा. तिथे कडाक्याच्या थंडीत वेल झोपतो, वर्षातून एकदा छाटणी होते आणि द्राक्षे सप्टेंबरच्या सुमारास उतरवतात. आपल्याकडे वेलाला झोप नाही. म्हणून उन्हाळ्याच्या तोंडावर खरड छाटणी आणि पावसाळा सरता सरता गोडी छाटणी, अशा दोन छाटण्या कराव्या लागतात. पहिलीत पुढच्या हंगामाची काडी तयार होते, दुसरीनंतर घड लागतात. तोडणी साधारण जानेवारी ते मार्चमध्ये, तीही पहाटेच्या गारव्यात, कारण उन्हाने तापलेला माल क्रेटमध्येच आंबू लागतो. वाइनची द्राक्षे बाजारात मिळणाऱ्या बिनबियांच्या द्राक्षांसारखी नसतात. मणी बारीक, साल जाड, आत बिया. लाल वाइनचा रंग आणि तुरटपणा त्या सालीतून आणि बियांतून येतो. मळ्याच्या कडेला सायकल उभी करून दोन प्रकारचे घड शेजारी पाहिले की हे न सांगता कळते.

आपल्याकडच्या अशा सायकलवाटेची सुरुवात यवतला करावी. पालखी इथे मुक्कामाला असते आणि वारकऱ्यांना पिठलं-भाकरी वाढण्याची गावाची परंपरा आहे. यवतहून भुलेश्वरचा डोंगर चढता येतो. वरचे भुलेश्वराचे मंदिर पुरंदर तालुक्याच्या हद्दीत येते, पण पायथ्याची ही बाजू दौंडची. चढाचा शेवटचा टप्पा पायांची परीक्षा घेतो. वर यादवकालीन कोरीव काम आहे. काळ्या पाषाणात दागिन्यांच्या कड्या मोजता याव्यात इतके बारीक, आणि स्त्रीरूपातला दुर्मीळ गणेशही त्यात आहे. मंदिराभोवतीचा दौलतमंगळ किल्ला आदिलशाही सरदार मुरार जगदेवाने बांधला.

खाली उतरून पुन्हा महामार्गाला लागण्याची गरज नाही. खडकवासल्याचा कालवा या तालुक्यातून जातो. त्याच्या काठचे आणि वाड्यावस्त्यांचे रस्ते धरून केडगावला पोहोचता येते. पंडिता रमाबाईंचे मुक्ती मिशन इथे आहे. दुष्काळात आणि वैधव्यात आधार तुटलेल्या शेकडो स्त्रिया-मुलींना त्यांनी इथे आसरा दिला, हाताला काम शिकवले आणि छापखानाही चालवला. १९२२ मध्ये रमाबाईंचे निधन इथेच झाले.

केडगावच्या आसपास ऊस पिकला की गुऱ्हाळे पेटतात. चिपाडाच्या जाळावर मोठी काहील चढलेली असते. रसात रानभेंडीचा चिकट अर्क टाकला की मळी वर येते, ती झाऱ्याने काढत राहायची. पाक कधी उतरवायचा हे गुळव्या ठरवतो. पाण्यात थेंब टाकून, बोटांनी गोळी वळते का ते पाहून. एका क्षणाचा उशीर झाला तर गुळाचा रंग जातो. मग पाक वाफ्यात ओततात आणि त्याच्या ढेपा पाडतात. फ्रान्समध्ये तळघरात नेऊन पिंपातली वाइन चाखायला देतात. भीमाकाठी तोच मान गरम काकवीला द्यायला हवा.

पारगावजवळ भीमा ओलांडली की शिरूर तालुका. इथून वर रांजणगाव सांडसजवळ मुळा-मुठा भीमेला मिळते. रस्ता न्हावऱ्यावरून शिरूरला जातो. केडगावजवळचा चौफुला ते शिरूर हे अंतर पन्नासेक किलोमीटरचे, एका दिवसात आरामात होणारे.

घोडनदीकाठचे शिरूर ही ब्रिटिशांची जुनी छावणी. ३१ डिसेंबर १८१७च्या रात्री कॅप्टन स्टाँटनची तुकडी इथूनच निघाली आणि दुसऱ्या दिवशी भीमा कोरेगावला पेशव्यांच्या फौजेशी लढली. त्या लढाईत महार सैनिकांनी गाजवलेल्या शौर्याची आठवण कोरेगावचा जयस्तंभ देतो. शिरूरलाच कर्नल विल्यम वॉलेस याची कबर आहे. १८०९ मध्ये वारलेल्या या इंग्रज अधिकाऱ्याला इथल्या लोकांनी ‘सत्पुरुष’ मानले आणि त्याला नवस बोलले.

तालुक्याच्या पश्चिमेला पाबळ. मस्तानीची समाधी इथे आहे, आणि डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये सुरू केलेला विज्ञान आश्रमही. दक्षिणेला वढू बुद्रुकला छत्रपती संभाजी महाराजांची समाधी. मधल्या टप्प्यात रांजणगावचा महागणपती. मोराची चिंचोली गावात पहाटे मोर दिसतात. टाकळी हाजी आणि निघोज यांच्या मध्ये कुकडी नदीने खडकात कोरलेले रांजणखळगे आहेत. पाण्याच्या भोवऱ्यात गोटे गरगर फिरत राहिले आणि हजारो वर्षांत बेसॉल्टला रांजणाएवढी भोके पडली. पलीकडचा काठ पारनेर तालुक्याचा.

लांब पल्ल्याच्या सायकलिंगची गोडी पुण्याला नवी नाही. २००, ३००, ४००, ६०० किलोमीटरच्या ‘ब्रेव्हे’ राइड इथे नेमाने होतात. या राइडची पद्धतही फ्रान्सचीच. पॅरिसचा ऑडॅक्स क्लब तिचे नियम ठरवतो आणि दर चार वर्षांनी होणारी १,२०० किलोमीटरची पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस ९० तासांत पुरी करणे हे अनेक भारतीय सायकलस्वारांचे स्वप्न असते. पण ब्रेव्हेत घड्याळ मागे लागलेले असते. गावे पाहणाऱ्याने दिवसाला चाळीस-पन्नास किलोमीटरच ठेवावेत, म्हणजे गुऱ्हाळावर बसायला आणि देवळातली शिल्पे पाहायला वेळ उरतो.

काळजीही घ्यायला हवी. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा उत्तम काळ, पण तोच उसाच्या गाळपाचा हंगाम. दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर अरुंद रस्त्यावर वळताना मागचा भाग बाहेर फेकतात. त्यांना भरपूर जागा द्यावी. पुणे-सोलापूर आणि पुणे-नगर हे दोन्ही महामार्ग टाळावेत. बाभळीचे काटे टायर सोडत नाहीत, म्हणून जादा ट्यूब, पंक्चरचे सामान आणि पंप जवळ हवाच. शिरूरच्या उसाच्या पट्ट्यात बिबट्यांचा वावर आहे. अंधार पडायच्या आत मुक्कामी पोहोचणे हा नियम मोडू नये. वायनरीला जायचे तर आगाऊ नोंदणी करून जावे आणि चव घ्यायची असेल तर दिवसाची सायकल आवरल्यावरच. पुणे-दौंड मार्गावर यवत, केडगाव, पाटस ही स्टेशने आहेत. गाडीत सायकल नेण्याचे नियम आधी विचारून घेतले तर अर्धा प्रवास रेल्वेने होऊ शकतो.

आल्सासच्या रस्त्यावर आहे ते जवळपास सारे इथे आहे : घाट, नद्या, मळे, शेकडो वर्षांचा इतिहास अंगावर वागवणारी गावे. नाही ते फलक, आखलेली वाट आणि रात्री सायकल आत घेऊन जेवू घालणारी घरे. यातल्या कशालाही मोठा पैसा लागत नाही. यवत, केडगाव, न्हावरे, शिरूर, पाबळ या गावांच्या ग्रामपंचायती आणि शिरूरची नगरपरिषद यांनी एकत्र बसून कालव्याकाठच्या व शिवारातल्या रस्त्यांचा एक नकाशा केला, चौकाचौकांत अंतराच्या पाट्या लावल्या आणि बचत गटांकडे मुक्काम-जेवणाची सोय सोपवली, तर पहिला टप्पा एका हिवाळ्यात उभा राहील. जिल्हा परिषदेने हे काम हाती घ्यावे, आणि सायकल असलेल्या पुणेकरांनी त्याची वाट न पाहता यंदाच्या थंडीत यवतपासून सुरुवात करावी.