शेपटीजवळचं कवच

घरी बांधलेल्या विमानात बांधणाऱ्याचा हात ओळखायचा असेल, तर शेपटीकडे जावं. तिथे दोन्ही बाजूंच्या पत्र्यातून रडरच्या, म्हणजे शेपटीवरच्या उभ्या, वळत्या पात्याच्या, केबल बाहेर येतात आणि हातभर अंतरावर रडरच्या शिंगांना जोडल्या जातात. केबल जिथून बाहेर पडते त्या फटीवर एक छोटं, निमुळतं कवच बसवलेलं असतं. तेच केबलचं फेअरिंग.

कांदिवलीतल्या इमारतीच्या गच्चीवर विमान बांधणाऱ्या वैमानिक अमोल यादव यांच्यामुळे अशी विमानबांधणी मराठी वाचकाच्या ओळखीची झाली. त्यांचं सहा आसनी विमान २०१६ च्या ‘मेक इन इंडिया’ सप्ताहात मुंबईकरांनी पाहिलं. अमेरिकेत मात्र ही परंपरा चांगलीच रुळली आहे. पॉल पोबेरेझ्नी यांनी १९५३ मध्ये विस्कॉन्सिन राज्यात एक्सपेरिमेंटल एअरक्राफ्ट असोसिएशन स्थापन केली. विमानाचा निम्म्याहून अधिक भाग हौशी माणसांनी शिकण्यासाठी किंवा आनंदासाठी स्वतः बांधलेला असावा, अशी तिथल्या कायद्याची अट आहे. रिचर्ड व्हॅनग्रुन्सव्हेन यांनी १९७३ मध्ये सुरू केलेल्या व्हॅन्स एअरक्राफ्टच्या संचांमधून दहा हजारांहून अधिक आरव्ही विमानं उडाली आहेत. यातल्या बऱ्याच मॉडेलांत रडरच्या केबल अशाच पत्र्यातून बाहेर निघतात.

केबल बारीक, सुमारे ३.२ मिलिमीटर जाडीची. सात पेड, प्रत्येक पेडात एकोणीस तारा, म्हणजे एकूण १३३. पायाखालच्या पेडलवर दिलेला दाब तीच शेपटीपर्यंत नेते. म्हणून कवच बसवताना पहिला मान केबलचा. हवेला सुबक वाट देणं हे नंतरचं काम.

केबलची रेघ स्थिर नसते, खरी मेहनत त्यामुळेच पडते. रडर वळलं की त्याचं शिंग कमानीत फिरतं आणि केबल पुढेमागे सरकता सरकता किंचित आतबाहेरही होते. आरव्ही विमानांत रडर दोन्ही बाजूंना ३० ते ३५ अंश वळतं. त्यामुळे रडर मधोमध ठेवून कवच बेतलं, तर ते एकाच स्थितीपुरतं जुळेल. जाणता माणूस कवच आधी चिकटपट्टीने तात्पुरतं लावतो, सोबत्याला पेडलवर बसवतो आणि रडर या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवून घेतो. मग केबल सैल सोडूनही पाहतो, कारण ओढ नसताना ती लोंबून कवचाच्या काठाला टेकू शकते. जिथे घासते तिथे खूण करायची, कानस मारायची, पुन्हा लावून पाहायचं. हे कंटाळवाणं आहे आणि ते तसंच करावं लागतं. घासणारी धार आधी कवच खाते आणि पुढे केबलच्या तारा. या कवचाने केबलला वळण द्यायचं नसतं, तिला स्पर्शही करायचा नसतो.

खुणा शिसपेन्सिलीने करू नयेत. ग्रॅफाइटमुळे ॲल्युमिनियम गंजतं, आणि सुईने ओढलेल्या रेघेतून तडा सुरू होऊ शकतो. मऊ टोकाचा मार्कर उत्तम.

एवढ्याशा वस्तूने वेग किती वाढतो? फारसा नाही. उघडी गोल तार तिच्या जाडीच्या मानाने हवेला पुष्कळ अडवते हे खरं, पण कवच फटीजवळचा थोडाच भाग झाकतं. मला त्याचं दुसरं काम मोलाचं वाटतं. उडताना केबिनमधला दाब बाहेरच्यापेक्षा कमी असू शकतो. मग शेपटीकडच्या फटींतून हवा आत शिरते आणि पोकळ धडातून पुढे केबिनपर्यंत येते. हिवाळ्यात त्याने पाठ गारठते. त्या हवेत इंजिनाचा धूर मिसळला, तर कार्बन मोनॉक्साइडही आत येतो. तोंड अरुंद ठेवलेलं, मागे उघडणारं कवच ही आवक कमी करतं. पूर्ण थांबवत नाही, म्हणून केबिनमध्ये कार्बन मोनॉक्साइडचं सूचक यंत्र हवंच.

कवच बहुधा पातळ प्लास्टिकचं किंवा फायबरग्लासचं असतं. कोणी ते चिकटवतं, कोणी रिव्हेट मारतं. माझं मत स्क्रूच्या बाजूने आहे. अशा विमानाची तपासणी दर बारा महिन्यांनी होते. तेव्हा केबलवरून फडकं फिरवतात, म्हणजे तुटलेली तार असली तर फडकं तिथे अडकतं. चिकटवलेल्या कवचाखाली फडकं नीट पोहोचत नाही. चार स्क्रू काढले की तो तुकडाही हाताखाली येतो.