स्मृतिभ्रंशाचा धोका कमी करता येतो का?

‘साठी बुद्धी नाठी’ असे आपण सहज म्हणतो. त्यामुळे घरातील ज्येष्ठ विसरू लागले की ‘वय झाले’ म्हणून दुर्लक्ष होते. चष्मा कुठे ठेवला ते न आठवणे वेगळे. रोजच्या वाटेवर चुकणे, पैशांचा हिशेब न जमणे, तोच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारणे वेगळे. अशा तक्रारींमागे स्मृतिभ्रंश म्हणजेच डिमेन्शिया असू शकतो. तो वयाचा भाग नाही. मेंदूच्या आजारांमुळे होतो.

भारतात प्रमाण किती?

२०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी अभ्यासानुसार ६० वर्षे व त्यावरील सुमारे ७.४ टक्के भारतीयांना, म्हणजे जवळपास ८८ लाख लोकांना स्मृतिभ्रंश आहे. स्त्रियांमध्ये आणि ग्रामीण भागात हे प्रमाण अधिक आढळले. शिक्षण कमी असणे हा एक महत्त्वाचा धोका आहे. आजच्या आजींच्या पिढीतील अनेक मुलींना शाळा मिळालीच नाही, हे इथे लक्षात घ्यायला हवे.

आपल्या हातात काय आहे?

वय आणि आनुवंशिकता बदलता येत नाही. मात्र ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या तज्ज्ञ आयोगाने २०२४ मध्ये बदलता येण्याजोगे १४ धोके सांगितले. ते सर्व दूर झाले, तर जगातील सुमारे ४५ टक्के रुग्ण टाळता किंवा लांबवता येतील, असा त्यांचा अंदाज आहे. हा अंदाज समाजासाठी आहे, एका व्यक्तीसाठी हमी नव्हे.

• रक्तदाब, मधुमेह, कोलेस्टेरॉल, लठ्ठपणा: मेंदूच्या रक्तवाहिन्यांचे नुकसान चाळिशीतच सुरू होऊ शकते. ‘काही त्रास नाही’ म्हणून गोळ्या बंद करू नका. तिशीनंतर रक्तदाब आणि साखरेची तपासणी सरकारी आरोग्य केंद्रातही होते.
• कान आणि डोळे: ऐकू कमी येत असेल तर तपासून घ्या व गरज असल्यास कानाचे मशीन वापरा. मोतीबिंदूचे ऑपरेशन टाळत राहू नका.
• धूम्रपान आणि अति मद्यपान: विडी-सिगारेट सोडा. तंबाखू, मशेरीही आरोग्याला घातकच.
• हालचाल: रोज अर्धा तास भरभर चालणे बहुतेकांना जमते.
• एकटेपणा आणि नैराश्य: भजनी मंडळ, कट्टा, नातवंडांचा अभ्यास यांत ज्येष्ठांना सामावून घ्या. उदासी टिकून राहिली तर उपचार घ्या.
• डोक्याला मार: दुचाकीवर हेल्मेट घाला. घरात बाथरूम निसरडे ठेवू नका.

कमी शिक्षण आणि हवेचे प्रदूषण हेही या यादीत आहेत. त्यासाठी शाळा आणि स्वच्छ हवा हवी. ते एकट्या कुटुंबाचे काम नाही.

डॉक्टरांकडे कधी जावे?

विसरण्यामुळे रोजची कामे अडू लागली तर थांबू नका. थायरॉइडचे विकार, बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, नैराश्य किंवा काही औषधे यांमुळेही विस्मरण होते आणि त्यावर उपचार आहेत. सुरू असलेल्या सर्व गोळ्या सोबत न्या. रुग्णाला स्वतःतील बदल जाणवतोच असे नाही, म्हणून सोबत राहणाऱ्याने जावे. गोंधळ किंवा बरळणे अचानक, काही तासांत सुरू झाले, तर रुग्णाला लगेच रुग्णालयात न्या.