खणातला प्रोसेसर

आयबीएमच्या मेनफ्रेममध्ये कोअर सॉकेटमध्ये, सॉकेट ‘बुक’मध्ये आणि बुक ‘ड्रॉवर’मध्ये असतात. नावे दप्तरखान्यातली वाटतात, पण तीच रूढ आहेत. शेजारच्या कोअरची कॅश जवळ पडते. दुसऱ्या ड्रॉवरमधून माहिती आणायला वेळ लागतो. म्हणून कामे वाटणाऱ्या लिनक्सला हा पत्ता हवा असतो. ‘एसटीएसआय’ ही आज्ञा देऊन ते तो विचारते. क्यूईएमयू हा एम्युलेटर २०२३ मधल्या ८.२ आवृत्तीपासून त्याचे उत्तर देतो, तेही केव्हीएमच्या जोडीने चालतानाच. मला खरी मेख पुढे दिसते. एम्युलेटर पत्ता नुसता सांगतो. आभासी प्रोसेसरला तिथे नेऊन बसवत नाही. यजमान यंत्रावर ते प्रोसेसर ठरल्या कोअरशी बांधले नाहीत, तर बिचारे लिनक्स कागदोपत्री शेजाऱ्यांनाच कामे देत राहते.