लोकप्रिय व्यक्तिरेखेचे दैनंदिन मालिकेतून जाणे आणि प्रेक्षकांचा प्रतिसाद : एक विवेचन

सारांश

दूरचित्रवाणीवरील मालिकेतून प्रेक्षकप्रिय नायक वा नायिका निघून गेल्यावर प्रेक्षकांत उमटणाऱ्या दुःखाच्या आणि संतापाच्या प्रतिक्रियांकडे सुशिक्षित वर्ग बहुधा उपहासाने पाहतो. प्रस्तुत लेखात या प्रतिक्रियांचे स्वरूप ‘क्योंकि सास भी कभी बहू थी’ या हिंदी मालिकेतील मिहीर विरानी या व्यक्तिरेखेच्या आधारे स्पष्ट केले आहे. नाटकातील नायकाचा मृत्यू कलाकृतीला पूर्णत्व देतो. दैनंदिन मालिकेतील नायकाचा मृत्यू मात्र न संपणाऱ्या कथेत एक रिकामी जागा निर्माण करतो. म्हणूनच त्या ठिकाणी रसानुभवाऐवजी वियोग आणि विरोध यांचा अनुभव येतो, असे या लेखाचे प्रतिपादन आहे.

बीजसंज्ञा : दैनंदिन मालिका, व्यक्तिरेखा, पॅरासोशल नाते, साधारणीकरण, करुण रस, अमान्य शोक.

प्रस्तावना

भारतात उपग्रह वाहिन्यांचा प्रसार झाल्यानंतर मनोरंजनाच्या स्वरूपात जे बदल झाले, त्यांत दैनंदिन मालिकेचा उदय हा सर्वांत दूरगामी बदल म्हणावा लागेल. दूरदर्शनच्या काळात आठवड्यातून एकदा भेटणारी पात्रे आता जवळजवळ रोज ठरलेल्या वेळी घरात येऊ लागली. ३ जुलै २००० रोजी स्टार प्लस वाहिनीवर सुरू झालेली ‘क्योंकि सास भी कभी बहू थी’ ही मालिका या बदलाची ठळक खूण होय. बालाजी टेलिफिल्म्सची ही मालिका नोव्हेंबर २००८ पर्यंत चालली आणि तिचे १८०० हून अधिक भाग प्रसारित झाले. रात्री साडेदहाची तिची वेळ असंख्य घरांतील स्वयंपाक, जेवण आणि झाकपाक यांचे वेळापत्रक ठरवू लागली.

या मालिकेतील विरानी कुटुंबाचा ज्येष्ठ नातू मिहीर आणि पुरोहिताची कन्या तुलसी यांचा विवाह हा कथेचा पाया होता. मिहीरची भूमिका अमर उपाध्याय व तुलसीची भूमिका स्मृती इराणी करीत असत. २००१ साली मिहीरचा मृत्यू दाखविण्यात आला आणि त्यानंतर प्रेक्षकांकडून जो प्रतिसाद मिळाला, तो भारतीय दूरचित्रवाणीच्या इतिहासात आजही दाखला म्हणून सांगितला जातो. पत्रे आणि दूरध्वनी यांचा ओघ सुरू झाला. वृत्तपत्रांनी त्या काल्पनिक मृत्यूची बातमी केली. अखेरीस मिहीर जिवंत असून त्याची स्मृती गेली आहे, असा कथाभाग रचून त्याला परत आणण्यात आले. या घटनेचा अर्थ कसा लावावा, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

प्रेक्षक भ्रमात असतो काय?

अशा प्रतिक्रियांचे सर्वांत प्रचलित स्पष्टीकरण असे की, भोळ्या प्रेक्षकाला खरे आणि खोटे यांतील भेद कळत नाही. हे स्पष्टीकरण तपासून पाहिले असता टिकत नाही. मिहीरच्या मृत्यूनंतर वाहिनीकडे तक्रार करणारी व्यक्ती नेमके काय करीत होती, याचा विचार करावा. हा मृत्यू अपघातात घडला नसून लेखन आणि निर्मिती करणाऱ्यांनी तो ठरविला आहे, हे तिला पक्के ठाऊक होते. तसे नसते तर तिने वाहिनीला जाब विचारलाच नसता. ज्याला दुःख झाले तोच प्रेक्षक निर्णय बदलण्याची मागणी करीत होता. याचा अर्थ कथा रचलेली असते हे भान आणि कथेतील वियोगाचे दुःख ही दोन्ही एकाच मनात एकाच वेळी नांदू शकतात.

भारतीय साहित्यशास्त्राला ही गोष्ट नवी नाही. नट हा राम नव्हे, हे प्रेक्षक जाणतो आणि तरीही रामाच्या शोकाने त्याचे चित्त द्रवते, या कोड्याचा उलगडा करताना भट्टनायकाने साधारणीकरणाची कल्पना मांडली आणि अभिनवगुप्ताने तिचा विस्तार केला. रंगभूमीवरील शोक हा कोणा एका व्यक्तीचा राहत नाही. तो व्यक्तिगत संबंधांतून मुक्त होऊन सर्वांच्या आस्वादाचा विषय होतो आणि म्हणूनच करुण रस दुःखद न होता आस्वाद्य ठरतो. मात्र येथे एक प्रश्न उपस्थित होतो. करुण रसाचा प्रेक्षक नाटक संपल्यावर तृप्त मनाने घरी जातो. मिहीरचा प्रेक्षक तृप्त का झाला नाही?

पूर्ण कथा आणि अपूर्ण कथा

या प्रश्नाचे उत्तर प्रेक्षकाच्या मनात शोधण्यापूर्वी कलाप्रकाराच्या रचनेत शोधले पाहिजे. राम गणेश गडकरी यांच्या ‘एकच प्याला’ या नाटकातील सिंधूच्या मृत्यूने मराठी प्रेक्षकांच्या अनेक पिढ्या रडल्या आहेत. परंतु सिंधूला जिवंत करा, अशी मागणी कोणी केली नाही. कारण तिचा मृत्यू त्या नाटकाचा अर्थ पूर्ण करतो. पडदा पडतो, प्रेक्षक उठतो आणि शोकाला सीमा लाभते.

दैनंदिन मालिकेला असा पडदा नसतो. तिची कथा शेवटाकडे नेण्यासाठी लिहिलेली नसून चालू ठेवण्यासाठी लिहिलेली असते. नायक गेल्याच्या दुसऱ्या दिवशी त्याच वेळी तेच घर, तीच माणसे आणि तेच शीर्षकगीत प्रेक्षकापुढे येते. फक्त एक जागा रिकामी असते. कथेच्या दृष्टीने त्या मृत्यूने काहीच पूर्ण झालेले नसते. त्यामुळे हा अनुभव शोकांतिकेच्या जवळ जाण्याऐवजी घरातील माणूस गेल्यावर जाणवणाऱ्या रितेपणाच्या जवळ जातो. मिहीरच्या बाबतीत यात आणखी एक पदर होता. त्याच्या जाण्याने तुलसीच्या वाट्याला वैधव्य आले होते. सौभाग्य आणि कुटुंबातील स्त्रीचे स्थान यांभोवती गुंफलेल्या कथेत नायिकेच्या अधिष्ठानालाच त्यामुळे धक्का बसला.

हे वैशिष्ट्य दूरचित्रवाणीपुरते मर्यादित नाही, क्रमशः चालणाऱ्या कथेचेच ते आहे. आर्थर कॉनन डॉयल यांनी नियतकालिकातून प्रसिद्ध होणाऱ्या कथामालेत १८९३ मध्ये शेरलॉक होम्सचा मृत्यू दाखविला, तेव्हा वाचक संतप्त झाले आणि १९०३ मध्ये होम्सला परत आणावे लागले. अमेरिकेतील ‘डॅलस’ मालिकेत १९८५ साली मरण पावलेला बॉबी यूइंग १९८६ मध्ये परतला आणि मधल्या संपूर्ण हंगामातील घटना हे एक स्वप्न होते, असा खुलासा करण्यात आला. माध्यमे भिन्न असली तरी वाचक वा प्रेक्षक ज्या कथेचा पुढील भाग येणार हे जाणतो, त्या कथेतील मृत्यू त्याला अंतिम वाटत नाही. पुढचा भाग शिल्लक असेपर्यंत दाद मागता येते, ही त्याची धारणा असते. मिहीर, होम्स आणि बॉबी यांच्या पुनरागमनाने ती धारणा खरीही ठरविली.

नात्याचे स्वरूप

पडद्यावरील व्यक्ती आणि प्रेक्षक यांच्यातील एकतर्फी जवळिकीचे शास्त्रीय विवेचन डोनाल्ड हॉर्टन आणि रिचर्ड वोल यांनी १९५६ मध्ये केले. त्यांनी या व्यवहाराला ‘पॅरासोशल’ ही संज्ञा दिली. यात एक पक्ष दुसऱ्याला ओळखतो, त्याच्या सवयी जाणतो, त्याच्या सुखदुःखाची काळजी करतो. दुसऱ्या पक्षाला मात्र याची गंधवार्ताही नसते. त्यांचे विवेचन प्रामुख्याने कार्यक्रमांच्या सूत्रसंचालकांसारख्या व्यक्तींविषयी होते. पुढील अभ्यासकांनी ते काल्पनिक व्यक्तिरेखांनाही लागू केले.

असे नाते तुटल्यावर काय होते, याचा शोध जोनाथन कोहेन यांनी घेतला. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात ३८१ इस्रायली प्रौढांना, आपली आवडती व्यक्तिरेखा पडद्यावरून नाहीशी झाली तर काय वाटेल, असे विचारण्यात आले. जवळच्या नात्यांत ज्यांना दुरावण्याची चिंता अधिक वाटते, त्यांनीच येथेही अधिक दुःखाची अपेक्षा व्यक्त केली. मे २००४ मध्ये ‘फ्रेंड्स’ ही अमेरिकन मालिका संपल्यावर केरेन एयाल आणि कोहेन यांनी २७९ विद्यार्थ्यांची पाहणी केली आणि तिचे निष्कर्ष २००६ मध्ये प्रसिद्ध केले. आवडत्या व्यक्तिरेखेशी नाते जितके उत्कट, तितका वियोगाचा त्रास अधिक, असे त्यातून दिसून आले. प्रेक्षकाचा एकाकीपणा हाही या त्रासाशी निगडित असलेला एक घटक होता.

या निष्कर्षांवरून प्रत्यक्ष आयुष्यातील वियोग आणि मालिकेतील वियोग यांना समान लेखणे योग्य होणार नाही. दुसऱ्याची तीव्रता सामान्यतः कमी असते आणि तो लवकर ओसरतो. तथापि दोहोंची जातकुळी एकच आहे. मालिकेवर प्रेम करणारे मन आणि माणसांवर प्रेम करणारे मन ही दोन वेगळी मने नव्हेत.

जाण्याचे प्रकार आणि प्रतिसादातील भेद

व्यक्तिरेखा मालिकेतून साधारणपणे तीन प्रकारे दूर केली जाते : तिचा मृत्यू दाखविला जातो, तिच्या जागी दुसरा कलावंत येतो किंवा तिची जागा रिकामी ठेवली जाते.

मृत्यूच्या बाबतीत प्रेक्षकाला कारण सांगितले जाते की नाही, याला महत्त्व असते. अमेरिकेतील ‘द गुड वाइफ’ या मालिकेत मार्च २०१४ मध्ये विल गार्डनर या प्रमुख व्यक्तिरेखेचा मृत्यू अचानक दाखविण्यात आला. जॉश चार्ल्स या अभिनेत्याला मालिका सोडावयाची होती. भाग प्रसारित होताच निर्माते रॉबर्ट आणि मिशेल किंग यांनी प्रेक्षकांना उद्देशून जाहीर पत्र लिहून आपल्या निर्णयामागील विचार स्पष्ट केला. प्रेक्षकांचे दुःख त्यामुळे नाहीसे झाले नाही. परंतु त्या दुःखाची दखल घेणे हे कथाकाराचे दायित्व आहे, ही गोष्ट त्या पत्राने मान्य केली.

दुसरा प्रकार आपल्याकडे अधिक रूढ आहे. मिहीरची भूमिका पुढे इंदरकुमार आणि नंतर दीर्घकाळ रोनित रॉय यांनी केली. २००७ मध्ये स्मृती इराणी यांच्या जागी गौतमी कपूर तुलसी म्हणून आल्या आणि २००८ मध्ये इराणी परतल्या. मराठीत स्टार प्रवाह वाहिनीवरील ‘प्रेमाची गोष्ट’ या मालिकेत जानेवारी २०२५ मध्ये मुक्ताच्या भूमिकेत तेजश्री प्रधान यांच्या जागी स्वरदा ठिगळे आल्या. येथे व्यक्तिरेखा जिवंत असते, तिचे नाव आणि नाती कायम असतात. तरीही अनेक प्रेक्षकांना आपले माणूस गेल्यासारखे वाटते.

हा अनुभव मराठी नाट्यपरंपरेशी ताडून पाहण्याजोगा आहे. वि. वा. शिरवाडकर यांच्या ‘नटसम्राट’ या नाटकातील गणपतराव बेलवलकर डॉ. श्रीराम लागू यांच्यानंतर दत्ता भट, सतीश दुभाषी आदी नटांनी साकारले. रसिकांनी तुलना जरूर केली, पण भूमिका मेली असे कोणी म्हटले नाही. रंगभूमीवर लिखित संहिता आधी असते आणि नट तिच्याकडे येतो. एकाच भूमिकेची अनेक रूपे पाहणे हा तेथील रसिकतेचा भाग आहे. दैनंदिन मालिकेत पुढील कथा चित्रीकरण सुरू असतानाच लिहिली जाते. कलावंताचा आवाज, चालण्याबोलण्याची लकब, सहकलावंतांशी जुळलेला सूर यांना अनुसरून व्यक्तिरेखा वाढत जाते. शेकडो भागांनंतर ती कलावंतापासून वेगळी काढता येत नाही. नव्या कलावंताला मिळते ते केवळ तिचे नाव.

तिसऱ्या प्रकाराचे ठळक उदाहरण म्हणजे २००८ मध्ये सुरू झालेल्या ‘तारक मेहता का उल्टा चश्मा’ या मालिकेतील दयाबेन. २०१७ मध्ये दिशा वकानी यांनी प्रसूतीसाठी रजा घेतली आणि त्यानंतर त्या भूमिकेत परतल्या नाहीत. दीर्घकाळ त्या भूमिकेसाठी दुसरी अभिनेत्री घेण्यात आली नाही आणि कथेत दयाबेन येणार असल्याची आशा वेळोवेळी दाखविण्यात आली. या प्रकारात प्रेक्षकाला शोकही करता येत नाही आणि स्वीकारही करता येत नाही. तो केवळ वाट पाहतो.

अमान्य शोक

या सर्व विवेचनाचे सामाजिक महत्त्व कशात आहे? केनेथ डोका यांनी १९८९ मध्ये, समाज ज्याला मान्यता देत नाही अशा शोकाची संकल्पना मांडली. ज्या दुःखाला समाजात स्थान नाही, ज्यासाठी सांत्वनाला कोणी येत नाही आणि जे उघडपणे व्यक्त केल्यास हसे होते, ते दुःख माणसाला एकट्यानेच सोसावे लागते. मालिकेतील व्यक्तिरेखेचा वियोग या वर्गात मोडतो. ज्या घरात मुले परगावी आहेत, संवाद विरळ झाला आहे आणि संध्याकाळची सोबत मुख्यतः दूरचित्रवाणीची आहे, तेथील वृद्ध प्रेक्षकासाठी नायकाचे जाणे म्हणजे नित्यक्रमातील एका भेटीचा अंत असतो. घरातील इतरांनी त्यावर केलेली थट्टा ते दुःख कमी करीत नाही, फक्त बोलण्याची वाट बंद करते.

याची दुसरी बाजूही नजरेआड करता येत नाही. प्रेक्षकाची ही जवळीक हेच वाहिनीचे भांडवल असते. मिहीर परत आला तो प्रेक्षकांच्या भावनेचा विजय होता, तसाच तो प्रेक्षकसंख्येचा हिशेबही होता. जुलै २०२५ मध्ये याच नावाची मालिका पुन्हा सुरू झाली, तेव्हा तुलसी आणि मिहीर यांच्या भूमिकांत स्मृती इराणी व अमर उपाध्याय यांनाच आणण्यात आले. पाव शतकापूर्वीचे नाते अद्याप जिवंत आहे, याची व्यवसायाला असलेली खात्री त्यातून दिसते. तथापि भावनेचा व्यापार होतो म्हणून भावना खोटी ठरत नाही.

समारोप

लोकप्रिय व्यक्तिरेखेच्या जाण्याने व्यथित होणारा प्रेक्षक भ्रमिष्ट नसतो. पडदा न पडणाऱ्या कथेत तो वर्षानुवर्षे सहभागी झालेला असतो. त्या कथेने त्याच्याकडून नियमित हजेरीची अपेक्षा केलेली असते आणि त्याने ती पूर्ण केलेली असते. अशा वेळी निरोप नीट घेतला जावा, एवढी त्याची अपेक्षा अवाजवी म्हणता येणार नाही. साहित्य, मानसशास्त्र, समाजशास्त्र आणि माध्यमविद्या या विषयांच्या अध्यापकांनी वर्गात एरंडाचे गुऱ्हाळ म्हणून मालिकांची बोळवण न करता, रससिद्धान्त शिकविताना मिहीरचे उदाहरण घेण्यास हरकत नाही. विद्यार्थ्यांच्या घरात तो शोक कधी ना कधी येऊन गेलेला असतो. त्याला नाव आणि अर्थ मिळवून देणे हे अध्यापनाच्या कक्षेत येते.