पाव फेरा

‘‘ताई, ह्याच्यासाठी पोरीला रात्रभर बाहेर ठेवलं होतं का तुम्ही?’’

सुमनच्या आईने मोबाइलवरचा फोटो एकदा लांब धरून, एकदा जवळ धरून पाहिला आणि मला सरळ विचारलं. माझ्याकडे उत्तर नव्हतं. फोटोत मधोमध एक करडा डाग होता आणि भोवतीच्या प्रत्येक ताऱ्याला शेपटी फुटलेली होती. सुमन खाली मान घालून उभी. (तिचं खरं नाव इथे देत नाही, आपण तिला सुमन म्हणू.)

गोष्ट आहे डिसेंबर २०२३ मधली. नाशिकच्या एका वस्तीत आम्ही काही बायका मिळून मुलींसाठी संध्याकाळची अभ्यासिका चालवतो. घर सांभाळून जमेल तेवढं. मी स्वतः बी.ए. मराठी. विज्ञानाची आणि माझी फारकत दहावीलाच झाली, ती कायमची, अशी माझी समजूत होती. पण एक निवृत्त प्राध्यापक घर आवरताना आम्हाला जुनी पुस्तकं देऊन गेले आणि पुस्तकांबरोबर एक दुर्बीणही. सहा इंची आरशाची, पांढऱ्या जाड नळकांड्यासारखी, मोटर लावलेल्या स्टँडसकट. चंद्र दिसायचा, बाकी सगळं धुरकट. दोघा-तिघांनी पाहून निकाल दिला, ‘‘आरसा गेलाय. भंगारात घाला.’’

पण अकरावी सायन्सच्या सुमनने मनावर घेतलं. तिला मृग नक्षत्रातल्या तेजोमेघाचा फोटो काढायचा होता. मृगाच्या पोटातले बाणाचे तीन ठळक तारे आपण सगळ्यांनीच लहानपणी आजीच्या मांडीवरून पाहिलेत. त्यांच्या खाली आणखी तीन अंधुक तारे आहेत. त्यातला मधला नीट पाहिला तर ताऱ्यासारखा टोकदार नाही, कापसाच्या पुंजक्यासारखा दिसतो. तोच हा तेजोमेघ. वायू आणि धुळीचा, सुमारे १,३०० प्रकाशवर्षं लांबचा ढग. त्याच्या पोटात आजही नवे तारे जन्मतात.

फोटोसाठी अंधार हवा, आणि अंधार शहरात नाही. म्हणजे गावाबाहेर जायचं, तेही अमावास्येच्या आसपास आणि रात्रभर. मैत्रिणींनो, खरी दुर्बीण जुळवायची होती ती इथे! पाच घरांचे उंबरे झिजवले, तेव्हा तीन मुलींना परवानगी मिळाली. माझ्या सासूबाईसुद्धा म्हणाल्या, ‘‘अवसेच्या तोंडावर लोकांच्या पोरी घेऊन रानात कुठे निघालीस?’’ शेवटी हे गाडी चालवायला तयार झाले आणि त्र्यंबकच्या पुढे, जव्हारच्या वाटेवर ओळखीच्या एका शिक्षिकेच्या अंगणात आम्ही थंडीत कुडकुडत रात्र काढली. हाती काय आलं, तर तो डाग.

फोटो बिघडला याचं मला फार वाटलं नाही. पण पुढच्या वेळी कुठलीच आई हो म्हणणार नव्हती, ते लागलं.

शहरातल्या एका हौशी आकाशनिरीक्षक काकांना फोटो दाखवला. ते हसले. ‘‘आरसा ठणठणीत आहे. दोन आरशांचं एकमेकांशी पटत नाहीये, एवढंच.’’

या दुर्बिणीत भिंग नसतंच. नळीच्या तळाशी मोठा खोलगट आरसा. तो ताऱ्याचा प्रकाश गोळा करून वर परत पाठवतो. वरच्या तोंडाशी छोटा तिरपा आरसा, तो प्रकाशाला बाजूला वळवतो आणि तिथे आपला डोळा किंवा कॅमेरा. दोन्ही आरसे एकमेकांकडे अगदी नेमके बघत असतील तरच तारा टिंबासारखा दिसतो. जरा मान वाकडी झाली की त्याचा धूमकेतू होतो. ही मान सरळ करायच्या कामाला ‘कॉलिमेशन’ म्हणतात. दुर्बीण गाडीतून नेली, घाटात हादरे बसले, की पुन्हा तपासावं लागतं. आम्हाला हे माहीतच नव्हतं.

मी उत्साहाने आधी आरसा पदराने पुसायला गेले, तर काका ओरडलेच, ‘‘हात लावू नका!’’ घरातल्या आरशाचा मुलामा काचेच्या मागे असतो, याचा पुढे. पदराचा एक फटकारा आणि कायमचा ओरखडा. थोडी धूळ राहिली तरी फोटोचं काही बिघडत नाही.

मग त्यांनी एक उपकरण सांगितलं, आणि ते माझ्या घरातच निघालं! जुन्या कॅमेऱ्याच्या फिल्मची प्लास्टिकची डबी आठवते? माझ्या शिवणाच्या डब्यात तशा दोन होत्या, टिकल्या-मणी ठेवलेल्या. तिचा तळ कापायचा, झाकणाला बरोब्बर मध्यभागी भोक पाडायचं आणि आयपीसच्या जागी ती खोचायची. भोकातून पाहिलं की वर्तुळात वर्तुळ दिसतं. छोटा आरसा, त्यात अख्खा मोठा आरसा, त्याच्या मध्यावर खुणेसाठी काकांनी बेताने चिकटवलेली फायलीच्या कागदाची कडी. सगळी वर्तुळं एकात एक, एका केंद्रावर आली की जमलं. आधी वरचा छोटा आरसा जुळवायचा, तोही नळी आडवी ठेवून, म्हणजे हातातली किल्ली निसटली तरी खालच्या आरशावर पडणार नाही. मग खालचा मोठा. त्याच्या मागे तीन स्क्रू फिरवायचे आणि तीन घट्ट करायचे.

अडचण एकच. डोळा लावायचा नळीच्या वरच्या टोकाला आणि स्क्रू खालच्या टोकाला. एकाने बघायचं, दुसऱ्याने फिरवायचं. अभ्यासिकेत आम्ही दोघींनी तास घालवला. सुमन म्हणायची, ‘‘काकू, थोडं डावीकडे,’’ मी फिरवायचे आणि वर्तुळ भलतीकडेच पळायचं.

तेवढ्यात सुमनची आई तिला न्यायला आली. ती घरी ब्लाउज शिवते. दारात उभी राहून पाच मिनिटं बघत होती. मग म्हणाली, ‘‘ताई, तुम्ही लई फिरवताय. मशीनचं टेन्शन असं जुळवतात व्हय? पाव फेरा द्यायचा अन् टाका बघायचा. मग पुन्हा पाव फेरा.’’ आणि माझ्या हातातून स्क्रू काढून घेऊन ती खाली बसली.

वीस मिनिटांत वर्तुळात वर्तुळ बसलं.

१३ जानेवारी २०२४, संक्रांतीच्या आधीचा शनिवार. या वेळी गाडीत सुमनची आई होती. तिच्याशिवाय कॉलिमेशन कोण करणार? द्वितीयेची कोर लवकर मावळली. दुर्बीण आधी तासभर उघड्यावर ठेवली, कारण आरसा बाहेरच्या थंडीशी जुळवून घेईपर्यंत चित्र थरथरत राहतं. स्टँडचा अक्ष ध्रुवताऱ्याकडे केला. आपल्याकडे ध्रुव क्षितिजापासून जेमतेम २० अंशांवर असतो, झाडांच्या वर शोधावा लागतो. तो अक्ष बरोबर बसला तरच मोटर आकाशाच्या गतीने दुर्बीण फिरवते.

मग परीक्षा. उत्तरेला उंचावर ब्रह्महृदय तारा धरला आणि मुद्दाम चित्र अंधुक केलं. तारा फुगून मेदूवड्यासारखा गोल झाला. मधलं भोक अगदी मधोमध असेल तर आरसे जुळले. आमचं भोक किंचित एका बाजूला होतं, घाटाने आपला हात दाखवलाच होता. मायलेकी पुन्हा बसल्या. ‘‘आई, थोडं. आणखी थोडं. बास!’’ अंधारात दोघींचे नुसते आवाज येत होते.

चित्र टोकदार करण्यासाठी रशियाच्या पावेल बाख्तिनोव्ह यांनी २००५ मध्ये एक जाळी शोधून काढली. दुर्बिणीच्या तोंडावर ती लावली की ताऱ्याला तीन रेघा फुटतात, आणि मधली रेघ बाकी दोघींच्या बरोब्बर मध्ये आली की फोकस पक्का. आमची जाळी साडीच्या खोक्याच्या पुठ्ठ्याची. सुमनने आखलेली, आईने ब्लेडने कापलेली.

भाच्याच्या जुन्या कॅमेऱ्याने तीस सेकंदांचा एक, असे नव्वद फोटो घेतले. मधला भाग फार उजळ, तो पांढरा पडू नये म्हणून काही पाच सेकंदांचेही. शेवटी दुर्बिणीला झाकण लावून काळे फोटो, कॅमेऱ्याचे स्वतःचे डाग वजा करायला. एकेका फोटोत फारसं काही नसतं. संगणकावर मोफत मिळणाऱ्या प्रोग्रॅमने ते एकावर एक रचले की पाऊण तासाचा प्रकाश एकत्र होतो. डोळ्याला दुर्बिणीतूनही तेजोमेघ करडाच दिसतो, कारण अंधुक उजेडात आपल्याला रंग ओळखू येत नाहीत. फोटोत मात्र हायड्रोजनचा गुलाबी रंग उतरतो.

दुसऱ्या दिवशी लॅपटॉपवर पंख पसरलेला गुलाबी ढग हळूहळू वर आला, तेव्हा अभ्यासिकेत कोणी बोललं नाही. यांनी नंतर घरी विचारलं, ‘‘पण गुगलवर याहून चांगला मिळतो की!’’ सुमनला तो प्रश्न सांगितला, तर ती म्हणाली, ‘‘मिळतो. पण तो मी नाही काढलेला.’’

या निमित्ताने मी वाचत गेले. याच तेजोमेघाचा पहिला फोटो अमेरिकेत हेन्री ड्रेपर यांनी ३० सप्टेंबर १८८० ला काढला. पत्नी मेरी ॲना त्यांच्या कामात बरोबरीने असायच्या. पती गेल्यावर त्यांनी हार्वर्ड वेधशाळेला ताऱ्यांच्या कामासाठी निधी दिला. त्याच वेधशाळेत विल्यमिना फ्लेमिंग होत्या. स्कॉटलंडहून आलेल्या, नवऱ्याने टाकलेल्या, पदरात मूल. वेधशाळेच्या संचालकांकडे त्या घरकाम करायच्या. तिथून वेधशाळेच्या कामाला लागल्या आणि १८८८ मध्ये काचेच्या प्लेटवर त्यांनी मृगातलाच ‘घोड्याचं डोकं’ म्हणून ओळखला जाणारा काळा मेघ हुडकला. पुढे यादी छापली, तेव्हा श्रेय संचालकांच्या पिकरिंग या आडनावावर गेलं. त्यांचं नाव गाळलेलं. वाचून दाखवलं, तर सुमनची आई एवढंच म्हणाली, ‘‘शिवतो कोण, लेबल कोणाचं.’’

आमचा फोटो फ्रेम करून अभ्यासिकेत लावलाय. खाली दोन नावं आहेत, आईचं आणि मुलीचं. सगळं गोड झालं असं नाही. त्या पाच घरांपैकी दोन घरांचं उत्तर आजही ‘नाही’च आहे. सुमन आता बी.एस्सी.ला आहे, पण स्थळं विचारायला येणारे येतातच. २०२४-२५ च्या हिवाळ्यात आम्ही घोड्याच्या डोक्यासाठी दोन रात्री जागलो. पुसटशी सावलीच आली.

आमच्या फोटोच्या उजव्या कोपऱ्यातले तारे अजून किंचित ओढल्यासारखे दिसतात. पाहुण्यांच्या ते लक्षातही येत नाही. सुमनची आई मात्र मुलीला न्यायला आली की फ्रेमपाशी थांबते, त्या कोपऱ्यावर बोट ठेवते आणि म्हणते, ‘‘इथं टाका सैल आहे अजून. या थंडीत बघू.’’