असेंब्लीचं सी करताना: गैरसमज आणि वस्तुस्थिती

इंटेलने १९८० साली ८०५१ हा मायक्रोकंट्रोलर आणला. महाराष्ट्रात पदविका आणि अभियांत्रिकीच्या कित्येक तुकड्या त्याच्यावरच असेंब्ली शिकल्या. तेव्हा हाताने लिहिलेले प्रोग्राम आजही यंत्रांच्या कंट्रोल बोर्डांवर इमानेइतबारे चालू आहेत. लिहिणारी माणसं मात्र निवृत्त होऊ लागली आहेत, आणि ‘हे सगळं सीमध्ये करून द्या’ असं काम नव्या हातांत पडतं. ते हाती घेण्याआधी काही समजुती तपासून घेतलेल्या बऱ्या.

गैरसमज १: असेंब्लीच्या एका ओळीच्या जागी सीची एक ओळ लिहीत गेलं की झालं.

वस्तुस्थिती: असं मक्षिकास्थाने मक्षिका केलेलं भाषांतर बिनतक्रार कंपाइल होतं आणि चुकीचं उत्तर देतं. ८ बिटांच्या रजिस्टरात २०० आहेत, त्यात १०० मिळवले असं समजा. ३०० तिथे मावत नाहीत. रजिस्टरात ४४ उरतात आणि कॅरी फ्लॅग १ होतो. सीमध्ये कॅरी फ्लॅग नावाची वस्तूच नाही. शिवाय बेरजेआधी सी दोन्ही लहान संख्यांना ‘इंट’ करून घेते, त्यामुळे बेरीज सरळ ३०० येते. ‘बेरीज ५० पेक्षा कमी आहे का?’ या प्रश्नावर मूळ प्रोग्राम ‘हो’ म्हणतो आणि भाषांतर ‘नाही’ म्हणतं.

म्हणून आधी विचारायचं, की इथे कॅरी कशासाठी आहे? कॅरी म्हणजे शाळेतला आपला हातचाच. ‘ॲड’नंतर ‘ॲड-सी’ आलं असेल, तर लेखक दोन तुकड्यांत १६ बिटांची बेरीज करत होता. सीमध्ये त्या सगळ्या ओळींची मिळून एक बेरीज पुरते. पण कॅरी ही मर्यादा ओलांडल्याची खूण असेल, तर ती तपासणी स्पष्ट ‘इफ’ने लिहावी लागते. सूचना तीच असली तरी हेतू वेगळा, म्हणून सीही वेगळं.

गैरसमज २: संख्या कोणत्या प्रकारची आहे ते कोडमध्ये लिहिलेलंच असतं.

वस्तुस्थिती: रजिस्टरातले तेच आठ बिट २५४ असू शकतात किंवा उणे २. एक्स-८६ वर याचा सुगावा तुलनेनंतरच्या उडीत लागतो: ‘जेए’ असेल तर चिन्हरहित संख्या, ‘जेजी’ असेल तर चिन्हासहित. ८०५१ वर तेवढाही आधार मिळत नाही, मागची-पुढची वाट धुंडाळावी लागते.

तिसरी शक्यता बीसीडीची. घड्याळाच्या चिपमधून मिनिटं बहुधा याच रूपात येतात: दशक चार बिटांत, एकक चार बिटांत. २९ मध्ये १३ मिळवले की साध्या बेरजेत दशकाच्या जागी ३ आणि एककाच्या जागी १२ येतात. त्यापुढची ‘डीए’ ही एकच सूचना हातचा दशकात नेऊन ४२ करते. ती क्षुल्लक समजून गाळली, तर घड्याळ चुकलंच.

गैरसमज ३: काहीच न करणारं लूप निरुपयोगी असतं.

वस्तुस्थिती: ते वेळ मोजत असतं. मूळ ८०५१ वर १२ मेगाहर्ट्‌झचा क्रिस्टल असेल, तर एक मशीन सायकल १ मायक्रोसेकंदाची. मोजणी एकने घटवून शून्य होईपर्यंत उडी मारणाऱ्या ‘डीजेएनझेड’ला दोन सायकल लागतात, म्हणजे २५० फेऱ्यांत बरोबर ५०० मायक्रोसेकंद जातात. सीच्या रिकाम्या लूपला असा शब्द देता येत नाही. ऑप्टिमायझर ते सरळ काढूनही टाकतो. अशा जागी हार्डवेअर टायमर वापरावा. इंटरप्ट जे चल बदलतो, तेही ‘व्होलाटाइल’ घोषित करावेत, नाहीतर कंपायलर जुनीच किंमत धरून बसतो.

गैरसमज ४: हेक्स फाइल डीकंपायलरला दिली की सी तयार मिळतं.

वस्तुस्थिती: २०१९ पासून मोफत मिळणाऱ्या घिड्रासारख्या साधनांनी पुष्कळ मदत होते, पण ती मशीन कोड वाचतात. लेबलांची नावं आणि कॉमेंट असेंबल करतानाच गळून पडलेली असतात. सोर्स हाताशी असताना हेक्स फाइलपासून सुरुवात करणं म्हणजे सर्वांत मौल्यवान माहिती आपणच टाकून देणं. त्यात हाताने लिहिणारा माणूस दुसऱ्या सबरूटीनच्या मध्येच उडी मारतो, स्टॅकवरचा परतीचा पत्ता बदलतो. अशा ठिकाणी डीकंपायलर ‘गोटू’चं जंजाळ हाती देतो.

गैरसमज ५: असेंब्लीची एकही ओळ उरली तर काम अर्धवट.

वस्तुस्थिती: युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टिमचं उदाहरण पाहा. तिचे एक निर्माते केन थॉम्पसन यांनी १९७२ साली ती सीमध्ये लिहायचा पहिला प्रयत्न सोडून दिला होता. तेव्हा सीमध्ये ‘स्ट्रक्चर’ नव्हतं. ते आल्यावर १९७३ साली कर्नल सीमध्ये उतरला. थॉम्पसन यांनीच १९७८ साली दिलेल्या हिशोबानुसार कर्नलमध्ये सीच्या सुमारे १०,००० ओळी होत्या आणि असेंब्लीच्या सुमारे १,०००. त्यांपैकी ८०० ओळींचं काम सीमध्ये करताच येण्यासारखं नव्हतं. नवी प्रणाली आकाराने जुनीपेक्षा सुमारे एक तृतीयांश मोठी झाली, पण समजायला आणि बदलायला सोपी झाली. ती किंमत त्यांनी जाणूनबुजून मोजली.

गैरसमज ६: सीमध्ये आलं की प्रोग्राम कुठेही चालतो.

वस्तुस्थिती: युनिक्सलाही पीडीपी संगणकांच्या मालिकेबाहेरच्या यंत्रावर जायला १९७७ उजाडावं लागलं. पोर्टचे पत्ते, बाइटचा क्रम, ‘इंट’ची रुंदी या गोष्टी वेगळ्या फाइलींत काढल्याशिवाय सी त्या यंत्रालाच बांधलेलं राहतं.

गैरसमज ७: सगळं एकदम बदलून मग चाचणी घ्यावी.

वस्तुस्थिती: ख्रिस सॉयर यांनी ‘रोलरकोस्टर टायकून २’ हा २००२ चा खेळ जवळजवळ पूर्ण असेंब्लीत लिहिला होता. २०१४ साली सुरू झालेल्या ‘ओपन-आरसीटी२’ प्रकल्पात तो फंक्शनगणिक सीमध्ये आणला गेला. बदललेला भाग सीचा, उरलेला मूळ, आणि खेळ सतत चालू. आपणही एक सबरूटीन घ्यावं, जुन्याला दिलेली इनपुट आणि त्याची उत्तरं नोंदवावीत, नवं त्यांच्याशी ताडावं आणि मगच पुढचं घ्यावं.

हे काम गांभीर्याने घ्यायचं असेल, तर पहिली ओळ बदलण्याआधी मूळ लिस्टिंग कॉमेंटसकट जपून ठेवा. त्यात कुठेतरी एनओपी या काहीच न करणाऱ्या सूचनेशेजारी ‘हे एनओपी काढू नये’ एवढंच लिहिलेलं असेल. का काढू नये, हे कुठलाही कंपायलर सांगणार नाही. लिहिणारी व्यक्ती निवृत्त झाली असली, तरी तिचा पत्ता काढा, भेटायला जा आणि ते कारण विचारून कागदावर उतरवून घ्या.